उष्टी हवा

विमानाची खिडकी उघडता येते, असं मी लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात माझ्या बायकोला सांगितलं होतं. "फक्त हवाईसुंदरीला नीट विचारावं लागतं. त्यांच्याकडे चावी असते." दर्शनाने विचारलं. अख्ख्या विमानासमोर, हात वर करून, शाळेतल्या पोरीसारखं. ती हवाईसुंदरी बिचारी आधी गोंधळली, मग हसली, मग शेजारच्या दोन रांगा हसल्या. दर्शना नागपूर येईपर्यंत माझ्याशी बोलली नाही. विमानतळाबाहेर मात्र एकदम फुटली आणि इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. म्हणाली, "काय जी तुम्ही! आता तुमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवणार नाही."

हे तिनं तीस वर्षं पाळलं. एकदाच नाही पाळलं.

मी रोशन भोंगाडे. वय बावन्न. नागपूरला विमानं दुरुस्त करायचे मोठे हँगर आहेत, तिथे हंसध्वज एअर नावाच्या कंपनीत मी सीटा बसवतो. सीट म्हणजे तुम्हाला खुर्ची वाटते. आम्हाला ते यंत्र आहे. तिच्यात वायरी, पट्टे, पडदा, बोटाला लागणारं कडं आणि आता हवेच्या नळ्या. आणि माझी दुसरी ओळख म्हणजे हँगरमधला अधिकृत टवाळ. धनराजच्या डब्यात रबरी झुरळ, पेंटरच्या बुटात ग्रीस, साहेबाच्या खुर्चीखाली कुकरची शिट्टी. नोकरी टिकली ती हात चांगला म्हणून. सीट मी बसवली की हलत नाही.

आता हवेचं सांगतो. हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही.

विमान पस्तीस हजार फुटांवर उडतं. तिथली हवा इतकी विरळ की माणूस मिनिटभरात गार. म्हणून आत हवा दाबून भरतात. पण पूर्ण नाही भरत. विमानाचं पोट फुगून फाटेल. सात-आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखं वाटेल, इतपतच भरतात. म्हणूनच लांबच्या प्रवासानं डोकं जड होतं, पाय सुजतात, जेवणाला चव लागत नाही. सगळ्यांचंच. पुढच्या शेठचं आणि मागच्या पोराचं सारखंच. विमानात हीच एक गोष्ट सगळ्यांना सारखी मिळत होती.

मग ती चाळणी आली. प्लॅस्टिकच्या केसाएवढ्या पोकळ नळ्यांचा जुडगा. एका बाजूनं हवा दाबली की ऑक्सिजन नळीच्या भिंतीतून लवकर झिरपतो, नायट्रोजन मागे रेंगाळतो. एका टोकाला ताकदीची हवा, दुसऱ्या टोकाला उरलेली. वजन बादलीभर, खर्च किरकोळ. ताकदीची हवा पुढच्या सीटांना नेली की तिथला माणूस पस्तीस हजार फुटांवर असून समुद्रकिनाऱ्यावर बसल्यासारखा श्वास घेतो. टोरांटोला उतरला की ताजातवाना, थेट मीटिंगला.

पण उरलेली हवा कुठे टाकायची?

हा प्रश्न मीच विचारला होता. आमच्या प्रकल्पाच्या देऊस्कर मॅडमना. मॅडम हुशार, सरळ, कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "रोशन, बाहेर टाकता येईल की. सोपं आहे. पण मग पुढची सीट कोण घेईल?"

"म्हणजे?"

"आपण मागच्या गुडघ्यांची जागा कमी केली. लोकांनी गुडघे दुमडले. जेवण काढलं, लोकांनी डबे आणले. पाठ मागे करायचं बटण काढलं, लोक ताठ बसले. मागचे दोनशे लोक कितीही पिळले तरी विमान चालतं ते पुढच्या चाळीस सीटांवर. आणि पुढची सीट चांगली आहे म्हणून कोणी घेत नाही, रोशन. मागची भयंकर आहे म्हणून घेतात. गुडघे संपले. आता हवाच उरली."

मी खो खो हसलो. मला वाटलं, मॅडमनी आयुष्यातला पहिला विनोद केला.

तर असं झालं. पुढच्यांना ताकदीची हवा, त्या वर्गाचं नाव 'किनारा'. मधल्यांना साधी, त्याचं नाव 'डोंगर'. आणि मागच्यांच्या साध्या हवेत पुढच्यांची उरलेली मिसळायची. त्या वर्गाचं नाव, ऐका, 'शिखर'. लोकांना वाटायचं शिखर म्हणजे सगळ्यात भारी. हँगरमध्ये त्या हवेला मी नाव दिलं, उष्टी हवा. तेच चिकटलं. कागदोपत्री काहीही असो, नळीवर खडूनं 'उष्टी' लिहूनच आम्ही ती जोडायचो.

प्रत्येक शिखर सीटला डोक्याच्या दोन बाजूंना दोन भोकं. एकातून साधी हवा, एकातून उष्टी. समोर पडदा. हाताखालच्या कड्यात बोट गेलं की रक्तात ऑक्सिजन किती, ते कंपनीला कळणार. तो कमी झाला की पडद्यावर निळा समुद्र उमटायचा आणि अक्षरं: 'किनाऱ्यावर या.' खाली भाव. जितका जीव घाबरा, तितका भाव वर. दाबलं बटण की उष्टी बंद, ताकदीची सुरू. मला हे यंत्र फार आवडलं होतं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, आपण तीस वर्षं टवाळ्या केल्या, पण ही खरी टवाळी.

उष्टी किती मिसळायची याला मर्यादा हवी होती. सरकारी नियम असा की साध्या माणसांना बसवून बघा. अर्ध्या लोकांनी 'बस' म्हटलं की तिथे थांबा. हँगरमध्ये नकली केबिन होती. चाळीस माणसं हवी होती. आम्हालाच विचारलं. जो पंधरा तास न उठता, 'बस'चं बटण न दाबता टिकेल, त्याला घरच्या एकासाठी टोरांटोचं तिकीट. शिखर वर्गाचं.

माझी गार्गी टोरांटोला. लग्न होऊन दोन वर्षं. दर्शनानं लेकीचं घर पाहिलं नव्हतं.

"टिकशील का बे?" धनराज म्हणाला. "जिना चढताना धाप लागते तुला."

"तू पण टिकशील," मी म्हटलं. "सगळे टिकतील."

खर्रा तुम्हाला माहीत असेल. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत टाकून तळहातावर घासायचा. हँगरमध्ये बंदी. म्हणून प्रत्येकाच्या खिशात. आदल्या दिवशी दुपारी मी सगळ्यांच्या रिकाम्या पन्न्या गोळा केल्या आणि नकली केबिनमधल्या चाळीसच्या चाळीस सीटांसमोर उभं राहून एकेका पन्नीचा बोळा उष्टीच्या भोकात ठोसला. खोल, बोटभर. वरून जाळी लावली. सीटा मीच बसवल्या होत्या, माझ्याशिवाय कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी काय मजा! मॅडम काचेआड. नळीतला आकडा वाढवत नेला, म्हणजे तितक्या उंच डोंगरावरची हवा. दहा हजार फूट. अकरा. आम्ही अंताक्षरी खेळतोय. बारा. पेंटर लावणी म्हणतोय. तेरा, चौदा. बोटातले आकडे झकास. पंधरा. धनराज झोपला, घोरायला लागला. सोळा हजार फुटांवर मॅडमनी स्वतःच थांबवलं. आत आल्या, चेहरा पांढरा. "अविश्वसनीय," म्हणाल्या. "नागपूरची माणसं इतकी काटक?"

"मॅडम, आमच्याकडं उन्हाळा असतो," मी म्हटलं. चाळीस जण फुटले. काही जणांना हसता हसता खोकला लागला.

दोन हजार फूट कमी धरून त्यांनी चौदा हजार ठरवलं. त्याला कागदावर नाव पडलं, नागपूर प्रमाण. दुसऱ्या कंपन्यांनी पण तेच घेतलं. आम्ही चहाच्या टपरीवर पोट धरून हसायचो, की बघा, जगभरच्या लोकांना आमच्या खर्ऱ्याच्या पन्नीचा वास.

वाटलं असेल तुम्हाला, याला काळजी नाही वाटली का? वाटली. एकदा. घरी आंघोळ करताना. म्हटलं, दुखेल डोकं लोकांचं. दाबतील बटण. मरणार थोडंच आहे कोणी. मग टॉवेल घेतला आणि विसरलो.

गार्गीला दिवस गेले. सातव्या महिन्यात फोन आला, "आई, तू ये. इथे सगळं मशीन करतं, पण तू ये."

घरात नुसती धांदल. दर्शनानं डिंकाचे लाडू केले. ओवा, बाळंतशोपा, हळिवाच्या पुड्या. प्रत्येक लाडू वेगळा पन्नीत गुंडाळला, एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. शेजारणीला सांगून आली, "यांना कंपनीनं शिखरचं तिकीट दिलं. सगळ्यात वरचा क्लास." मी हसू दाबलं. म्हटलं, उतरल्यावर सांगू, मजा येईल.

आणि ऐका, मी इतका पण हरामखोर नाही. तिची सीट एकेचाळीस-सी. विमान आदल्या दिवशी आमच्याच हँगरमध्ये होतं. मी दुपारी जाऊन त्या सीटसमोर उभा राहिलो आणि उष्टीचं भोक पन्नीनं बुजवलं. अख्ख्या शिखरमध्ये एक सीट साध्या हवेची. बाकी दोनशेंना चौदा हजार फूट, माझ्या बायकोला नाही. त्या वेळी मला यात काही वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

सकाळी सातला तिनं हात हलवला. "पोहोचले की फोन करते. गॅस बघा. आणि शेजारणीच्या पोराला विंचवाच्या गोष्टी सांगून घाबरवू नका."

दुपारी बारा वाजता मेसेज. 'डोकं फार दुखतंय हो. बोटांची नखं निळी दिसतात.'

मी लिहिलं, 'मेंदी लावली असशील निळी.'

'मस्करी नको ना. श्वास पुरत नाही. समोर समुद्र दिसतोय, किनाऱ्यावर या म्हणतो. भाव बघून अजून घाबरले.'

माझ्या हातातला पोळीचा घास तसाच राहिला. एकेचाळीस-सीला साधी हवा होती. मी लिहिलं, 'तू तुझ्याच सीटवर आहेस ना?'

'नाही. एका म्हाताऱ्या आजोबांना बायकोजवळ बसायचं होतं. मी त्यांना माझी दिली. मी मागे आले, बेचाळीस-एफ.'

अर्थात दिली असणार. देणारच. बसमध्ये, लग्नात, दवाखान्यात, कुठेही ही बाई आपली जागा देते. मला माहीत असायला हवं होतं.

मी लिहिलं, 'बटण दाब. आत्ता. भाव बघू नको.'

'वेडे झाले का? तेवढ्यात गार्गीचं अख्खं बाळंतपण होईल. सगळेच बसलेत की. सहन होत नसतं तर कंपनीनं ठेवलं असतं का? माणसं बसवून तपासतात, तुम्हीच तर सांगितलं.'

खरंच, मीच सांगितलं होतं. लावणीसकट.

'दर्शना, ते तपासणं खोटं होतं. मी भोकं बुजवली होती. ऐक. डोक्याजवळ दोन भोकं आहेत. त्यातल्या एकातून वाईट हवा येते. ते पन्नीनं बुजव. लाडवाची पन्नी काढ.'

तिनं लिहिलं, 'आणि मग हवाईसुंदरी येईल आणि सगळे हसतील. नाही जी. यावेळी नाही.'

'मस्करी नाही.'

'तुम्ही तेव्हाही हेच म्हणाले होते.'

तीस वर्षांत कमावलेलं सगळं त्या एका ओळीत समोर आलं. मी हात पुसले. आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं. लिहिलं, 'गार्गीची शपथ.'

मी देवाची शपथ शंभरदा खोटी घेतली असेल. आईची घेतली. लेकीची कधीच नाही, आणि दर्शनाला ते माहीत होतं.

लगेच आलं, 'कोणतं भोक?'

'डावीकडचं. पूर्ण आत ठोस. बोटभर.'

चार मिनिटं. मी घड्याळाकडे बघत बसलो. मग, 'बुजवलं. एक लाडू उघडा पडला. खाऊन टाकला.'

आणखी दहा मिनिटांनी, 'बरं वाटतंय हो. डोकं थांबलं. हलकं हलकं वाटतंय.'

मी खुर्चीवर मागे टेकलो. वाचली. म्हटलं, रोशन भोंगाडे, लेका, जिंकलास. गार पोळी चवीनं खाल्ली. तिचे मेसेज येतच होते. कधी इतकं लिहीत नाही ती. 'हसू येतंय उगीच.' 'ढग काय छान आहेत, पिंजलेल्या कापसासारखे.' 'तुम्ही चांगले आहात हो. वात्रट आहात पण चांगले.' मला लाजल्यासारखं झालं. तीस वर्षांत असं कधी म्हणाली नव्हती. मग एक आला:

'अहो, हवाईसुंदरीला खिडकी उघडायला सांगू का?'

मी घरात एकटाच मोठ्यानं हसलो. तिनं माझ्यावर उलटवली! मी लिहिलं, 'सांग. म्हणावं, नवऱ्यानं सांगितलंय.'

त्यावर उत्तर नाही. म्हटलं, झोपली असेल.

दोन वाजता मी दुसऱ्या पाळीला हँगरवर गेलो. शीळ घालत. एका विमानाच्या मागच्या सीटा बदलायच्या होत्या. धनराज म्हणाला, "काय बे, वहिनी गेल्या म्हणून इतका खूष?" मी सीटसमोर गुडघ्यावर बसलो, उष्टीची नळी जोडायला हात पुढे केला. डावा हात. डावीकडचं भोक.

माझ्या डावीकडचं.

आम्ही सीटा बसवणारे सीटकडे तोंड करून काम करतो. हँगरमध्ये डावं म्हणजे आमचं डावं. सगळे नट, सगळ्या वायरी, सगळ्या याद्या तशाच. पंचवीस वर्षांत मी त्या सीटवर बसून एकही नट पाहिलेला नाही. बसणाऱ्या माणसाचं डावं दुसरं असतं. बसणाऱ्याच्या डाव्या कानाशी साधी हवा येते.

ती तिनं बुजवली होती. पूर्ण. बोटभर. मी सांगितलं तसं.

आणि ऑक्सिजन फारच कमी झाला की काय होतं, तेही मला माहीत होतं. प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. आधी डोकं दुखतं. त्याच्याही खाली गेलं की दुखणं थांबतं. माणसाला बरं वाटायला लागतं. हलकं वाटतं. हसू येतं.

मी फोन काढला. 'दर्शना उलटं सांगितलं. पन्नी काढ. उजवं बुजव. काढ पन्नी.' पाच वेळा. दहा वेळा. मेसेज पोहोचत होते. वाचले जात नव्हते.

देऊस्कर मॅडमकडे धावलो. "मॅडम, विमान उतरवा. नागपूर प्रमाण खोटं आहे. मी पन्न्या घातल्या होत्या, खर्ऱ्याच्या. माझी बायको आत आहे."

मॅडमनी चष्मा काढला. शांतपणे म्हणाल्या, "रोशन, गेल्या महिन्यात तुम्ही मला सांगितलं होतं की सर्व्हर रूममध्ये घोरपड शिरली. मी अर्धा तास बाकावर उभी होते."

"मॅडम, पाया पडतो."

मी खरंच पडलो. दाराशी आलेले दोघं हसायला लागले. धनराज पण हसला. त्याचा काय दोष?

शेवटी त्यांनी माझ्या समाधानासाठी नियंत्रण कक्षाला फोन लावला, स्पीकरवर. तिकडचा पोरगा म्हणाला, "बेचाळीस-एफ? एक मिनिट. शांत आहेत मॅडम. झोपल्यात. तक्रारीचं बटण नाही दाबलं. कॅमेऱ्यात चेहरा पण हसरा आहे."

"बोटातला आकडा सांग," मी ओरडलो.

"तो आमच्याकडे येत नाही, काका. तो विक्री विभागाला जातो."

"कुणाला तरी पाठव, तिला उठव!"

"झोपलेल्या प्रवाशाला उठवायचं नाही, असा नियम आहे. मागे तक्रारी आल्या होत्या."

मॅडमनी फोन ठेवला. मला पाणी दिलं. म्हणाल्या, "घरी जा. थकलात तुम्ही." टोरांटोला विमान उतरायला आणखी सात तास होते. ते सात तास मी हँगरच्या पायरीवर बसून काढले. दर मिनिटाला एक मेसेज.

गार्गी विमानतळावर हार घेऊन उभी होती. सगळे उतरले. म्हातारे आजोबा उतरले, एकेचाळीस-सीचे. बायकोला हात देत, अगदी ताजेतवाने. दर्शना उतरली नाही.

चौकशी झाली. मी सगळं लिहून दिलं, चाळीस पन्न्यांसकट. धनराज आणि बाकीच्यांनी लिहून दिलं की असं काही झालं नाही. तिकिटं त्यांची पण वापरून झाली होती. समितीनं माझ्या जुन्या टवाळ्यांची यादी मागवली. ती चार पानं निघाली. निष्कर्ष असा, की प्रवाशानं स्वतः सीटच्या यंत्रणेत बाहेरची वस्तू घातली. विक्री विभागाच्या नोंदीत होतं, की बेचाळीस-एफला सत्तावीस वेळा किनारा देऊ केला, प्रवाशानं प्रतिसाद दिला नाही. नागपूर प्रमाण तसंच राहिलं. अजून आहे. तुम्ही मागे बसत असाल तर तेच श्वासात घेताय.

गार्गीला मुलगी झाली. लाडू पोहोचले होते, पण तिनं ते उघडले नाहीत. माझ्याशी ती बोलत नाही. मी काही सांगायला लागलो की फोन ठेवून देते. मला कळतं. माझं कुठलं वाक्य खरं मानायचं, हे तिला ठरवता येत नाही.

मला काढलं नाही. हात चांगला आहे ना. आता प्रत्येक सीटवर दोन्ही भोकांखाली चिकटवायला एक पट्टी आली आहे, 'छिद्रे बुजवू नयेत.' ती मीच चिकटवतो, दिवसाला दोनशे. चिकटवण्याआधी एकेका सीटवर जाऊन बसतो. डोकं टेकतो. डावा हात डाव्या कानाशी नेतो आणि हवा लागते का बघतो. पोरं म्हणतात, काका, कशाला वेळ घालवता, उभ्यानं चिकटवा की.

फोनमध्ये तिचा तो मेसेज आहे. त्याखाली माझं उत्तर. तेवढं तिनं वाचलेलं दिसतं. त्यानंतरचे चारशे बारा वाचलेले नाहीत.

'सांग. म्हणावं, नवऱ्यानं सांगितलंय.'